बाहेरचा मायमो अँटेना: फोर-जी, फाइव्ह-जी राउटरसाठी कसा निवडावा, बसवावा आणि तपासावा

गावात फायबर पोहोचलेले नसते, टॉवर दोन-तीन किलोमीटरवर टेकडीआड असतो आणि घरातला सिमचा राउटर एका काडीवर कसाबसा चालतो. मग गच्चीवर अँटेना चढतो, काड्या चार होतात, पण डाउनलोडचा वेग होता तेवढाच राहतो, कधी कमीही होतो. बहुतेक वेळा याचे कारण एकच असते. सिग्नलचा जोर वाढला, पण राउटरपर्यंत डेटाचे दोन वेगवेगळे प्रवाह पोहोचायचे थांबले. अनेक अँटेनांनी एकाच वेळी असे वेगवेगळे प्रवाह पाठवण्या-ऐकण्याच्या पद्धतीला मायमो म्हणतात. फोर-जीचा निम्मा वेग दुसऱ्या प्रवाहातून येतो आणि फाइव्ह-जीत तिसरा-चौथाही असू शकतो. म्हणून अँटेना निवडण्यापासून शेवटचा नट आवळेपर्यंत प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: यामुळे दोन्ही शाखा (शाखा म्हणजे एक अँटेना, त्याची केबल आणि राउटरचे पोर्ट) सारख्या जोराच्या आणि एकमेकींपासून वेगळ्या राहतात का?

मायमो नेमके करतो काय

टॉवरवरच्या पॅनेलमध्ये अँटेनांच्या जोड्या असतात. जोडीतला एक उजवीकडे ४५ अंश कललेला, दुसरा डावीकडे ४५ अंश, म्हणजे दोघांत काटकोन. एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांतून वेगळा डेटा निघतो आणि हवेत मिसळतो. राउटरच्या दोन अँटेनांना हे मिश्रण वेगवेगळ्या प्रमाणात मिळाले, तर राउटर दोन समीकरणे मांडून दोन अज्ञात काढतो, तसे दोन्ही प्रवाह सोडवून घेतो. दोघांना मिश्रण सारखेच मिळाले तर एकच समीकरण दोनदा लिहिल्यासारखे होते आणि दुसरा प्रवाह सुटत नाही. जितके प्रवाह सुटतात त्या संख्येला रँक म्हणतात. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच.

या कल्पनेचे एक मूळ पुण्याशी जोडलेले आहे. अनेक अँटेनांतून वेगवेगळे प्रवाह पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांना १९९४ मध्ये अमेरिकेत मिळाले. अर्ज १९९२ चा होता. कैलथ यांचा जन्म पुण्याचा, पदवीही पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, १९५६ ची. पॉलराज त्याआधी भारतीय नौदलात होते. पुढे १९९६ मध्ये बेल लॅब्जच्या जेरार्ड फोशिनी यांनी अशा प्रवाहांची रचना मांडली आणि १९९८ मध्ये सियावश अलामूती यांनी एकच प्रवाह दोन अँटेनांतून पाठवून तो भक्कम करण्याची सोपी युक्ती दिली. आजच्या टॉवरमध्ये हे सगळे एकत्र नांदते.

फोर-जीत याची विभागणी 'ट्रान्समिशन मोड' या नावाने होते आणि काही राउटर तो आकडा दाखवतात. मोड २ म्हणजे अलामूती जातीची पद्धत: प्रवाह एक, पण दोन अँटेनांतून, सिग्नल भरवशाचा व्हावा म्हणून. मोड ३ मध्ये दोन प्रवाह, पण टॉवर तुमच्या मार्गाची बारीक माहिती वापरत नाही. परिस्थिती बिघडली की तो आपोआप मोड २ सारखा वागतो. मोड ४ मध्ये राउटर टॉवरला सांगतो की अँटेनांना कोणत्या फेजने, म्हणजे लहरींच्या कोणत्या ताळमेळाने, चालवले तर आपल्याला सोपे जाईल. यासाठी राउटर सतत तीन गोष्टी कळवत असतो: किती प्रवाह झेपतील, कोणती जुळणी हवी आणि सिग्नलची गुणवत्ता ० ते १५ पैकी किती. निर्णय टॉवरचा असतो, पण तो याच अहवालावर. तुम्ही अँटेना फिरवता तेव्हा खरे तर हा अहवाल सुधारत असता.

एक गणित ध्यानात ठेवा. दोन प्रवाह पाठवताना टॉवरची शक्ती दोघांत वाटली जाते. गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल २० डेसिबल वर, म्हणजे शंभरपट, असेल तर एका प्रवाहाची सैद्धांतिक मर्यादा दर हर्ट्झला सुमारे ६.७ बिट प्रतिसेकंद आणि दोघांची मिळून ११.३. म्हणजे जवळपास ७० टक्के जास्त. तोच फरक ० डेसिबलवर आला, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट सारखे झाले, की एकासाठी १ आणि दोघांसाठी १.१७ उरतो, आणि प्रत्यक्षात ही थोडी वाढही प्रवाहांच्या आपसातल्या गळतीत जाते. म्हणून कमकुवत सिग्नलवर टॉवर रँक १ देतो तेव्हा त्याचा निर्णय बरोबर असतो. आधी गुणवत्ता, मग रँक, हा क्रम उलटत नाही.

पायरी १: राउटरला काय झेपते ते पाहा

अँटेनाच्या किमतीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. राउटरच्या माहितीपत्रकात 'कॅटेगरी' शोधा. कॅटेगरी ४ म्हणजे २० मेगाहर्ट्झवर दोन प्रवाह, वरची मर्यादा १५० मेगाबिट, आणि दोन बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, एकत्र जोडण्याची सोय नाही. कॅटेगरी ६ ला दोन बँड जोडून ३०० मेगाबिट. कॅटेगरी ४ च्या राउटरला चार तारांचा महाग अँटेना लावून काही होत नाही. त्याला दोनच शाखा आहेत.

मग मागची पोर्टे बघा. चार काळ्या दांड्या दिसल्या म्हणजे चारही मोबाइल सिग्नलच्या असतात असे नाही. पुष्कळ राउटरांत दोन वाय-फायच्या आणि दोन मोबाइलच्या असतात. मोबाइलच्या पोर्टावर एसएमए नावाचा आट्यांचा साधा जोड असतो, वाय-फायच्या पोर्टावर बहुधा उलट्या पिनेचा. दोघांचे आटे सारखे असल्यामुळे ते एकमेकांवर बिनबोभाट बसतात, पण मधली पिन पिनेला किंवा भोक भोकाला भिडते आणि जोडणी होतच नाही. खरेदीआधी दोन्ही बाजूंच्या मधल्या पिना डोळ्यांनी पाहा. डोंगल आणि छोट्या हॉटस्पॉटवर टीएस-९ किंवा सीआरसी-९ नावाचे टाचणीएवढे जोड असतात. ते नाजूक असतात, त्यांवर जाड केबलचे वजन कधीच लटकवू नये.

आता मुख्य पोर्ट ओळखायचे. बहुतेक फोर-जी राउटर दोन अँटेनांनी ऐकतात, पण बोलतात एकानेच. बोलणारे ते मुख्य पोर्ट, दुसरे फक्त ऐकणारे. पोर्टावर '१' किंवा 'मेन' लिहिलेले नसेल तर आळीपाळीने एकेक तार काढून अपलोड मोजा. जी काढल्यावर अपलोड कोसळतो ती मुख्य. दोन केबलींत थोडाफार फरक असलाच तर चांगली, कमी लांबीची केबल नेहमी याच पोर्टाला, कारण राउटरची पाठवण्याची शक्ती साधारण २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉटच असते. टॉवरचे बोलणे दूरवर ऐकू येते, तुमचे उत्तर तिथवर पोहोचवणे हेच अवघड.

पायरी २: आजची स्थिती लिहून काढा

राउटरच्या आतल्या पानावर, साधारणपणे १९२.१६८.१.१ सारख्या पत्त्यावर, चार आकडे मिळतात. आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर: उणे ८० च्या वर उत्तम, उणे ९५ पर्यंत ठीक, उणे ११० च्या खाली अडचण. एसआयएनआर म्हणजे सिग्नल आणि बाकीचा गोंगाट यांतला फरक: २० च्या वर उत्तम, १३ ते २० चांगला, ० च्या खाली वाईट. आरएसआरक्यू म्हणजे सिग्नलच्या दर्जाचा आकडा. त्याच्यावर त्या टॉवरवरच्या गर्दीचाही परिणाम होतो, म्हणून रात्री नऊला तो घसरला तर अँटेनाला दोष देऊ नका. चौथा आकडा सेल आयडी, म्हणजे टॉवरच्या ज्या भागाशी (सेलशी) राउटर जोडलेला आहे त्याची ओळख.

काड्या बघून काम करू नका. त्या प्रामुख्याने जोरावर आखलेल्या असतात आणि वेग ठरतो एसआयएनआर आणि रँकवर. मोजमाप पहाटे पाच-सहाच्या सुमारास घ्या, तेव्हा टॉवर मोकळा असतो. प्रत्येक जागी तीन वेळा मोजून मधला आकडा धरा.

सेल आयडीवरून टॉवर ओळखता येतो. फोर-जीचा हा आकडा २५६ ने भागला की भागाकार म्हणजे टॉवरचा क्रमांक आणि बाकी म्हणजे त्यावरचा सेल. उदाहरणार्थ १२३४५६७८९ ला २५६ ने भागले तर ४८२२५३ हा टॉवर आणि २१ हा सेल. अँटेना फिरवताना भागाकार बदलला तर राउटर दुसऱ्याच टॉवरवर गेला असे समजावे. फोनवर नेटमॉन्स्टरसारखे अ‍ॅप हेच आकडे दाखवते, त्यामुळे अँटेना विकत घेण्याआधी फोन हातात धरून गच्ची, पाण्याची टाकी, अंगणाचा कोपरा असे सगळे फिरून पाहता येते. सिम मात्र राउटरमधल्या कंपनीचेच हवे.

बँडही नोंदवा. देशात फोर-जीसाठी बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, बँड ८ म्हणजे ९००, बँड ३ म्हणजे १८००, बँड १ म्हणजे २१०० आणि बँड ४० म्हणजे २३०० हे मुख्य. ८५० दूर पोहोचतो, झाडी-भिंतीतून कमी गळतो, पण त्यात फ्रिक्वेन्सीची रुंदी कमी. वेग हवा तर १८०० किंवा २३०० वर टिकायला हवे आणि बाहेरचा अँटेना खरा उपयोगी पडतो तो तिथेच.

पायरी ३: अँटेना निवडणे

एका तारेचा अँटेना घेऊ नका, मग त्याची क्षमता कितीही लिहिलेली असो. एक शाखा बाहेर आणि दुसरी राउटरच्या पोटातल्या अँटेनावर राहिली की दोघींत १०-१५ डेसिबलचा फरक पडतो. कमजोर शाखेवर दुसरा प्रवाह सुटत नाही आणि रँक १ वर अडकतो. सुरुवातीला सांगितलेली 'काड्या वाढल्या, वेग नाही' ही तक्रार बहुधा इथूनच उगवते.

दोन पर्याय चांगले. पहिला, एकाच खोक्यात दोन पोलरायझेशन (लहरींचे दोन वेगळे कल) असलेला सपाट पॅनेल, दोन तारांचा. दुसरा, माशाच्या काट्यासारखे दिसणारे दोन लॉग-पिरिऑडिक अँटेना, एक उजवीकडे ४५ अंश आणि एक डावीकडे ४५ अंश वळवून बसवलेले. दोघांत ४० ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. ८५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३५ सेंटिमीटर आहे, त्यापेक्षा जवळ आले की ते एकमेकांच्या वाटेत येतात. दोन्ही उभे किंवा दोन्ही आडवे बसवणे ही सर्रास होणारी चूक. मोकळ्या दृष्टिरेषेत दोघांना मग जवळपास तेच मिश्रण मिळते.

एक उभा आणि एक आडवा बसवला तर? दोघांत काटकोन आहे, म्हणून गणित सुटते आणि रँक २ मिळू शकतो. तरीही तिरपेच बसवावेत. जमीन आणि पत्र्याची छपरे उभ्या आणि आडव्या लहरींना वेगळे वागवतात, त्यामुळे एक शाखा दुसरीपेक्षा दुबळी पडू शकते. तिरप्या जोडीत हा भेद दोघांत समान वाटला जातो.

अँटेनाची क्षमता डीबीआयमध्ये लिहितात. जास्त डीबीआय म्हणजे जास्त अरुंद झोत, एवढाच त्याचा अर्थ. ९ डीबीआयचा झोत साधारण ६० अंश रुंद, १५ चा ३० अंश, २१ चा १५ अंश. टॉवर समोर दिसत असेल तर १५ किंवा त्याहून जास्त चालेल. टॉवर टेकडीआड असेल आणि सिग्नल दोन-तीन दिशांनी आपटून येत असेल, तर ९ ते ११ डीबीआय शहाणपणाचे. अरुंद झोताने येणाऱ्या वाटाच कापल्या जातात, वाटा कमी म्हणजे रँक कमी. हे पुष्कळांना पटत नाही, पण डोंगराळ भागात मोठ्या जाळीच्या डिशपेक्षा साधे पॅनेल जास्त वेग देते तेव्हा कारण हेच असू शकते.

चार तारांच्या अँटेनाबद्दलही थोडे सावध राहा. टॉवर स्पष्ट दिसत असेल, मध्ये काहीच नसेल, तर हवेत वेगळ्या करता येणाऱ्या वाटा मुख्यतः दोनच: दोन पोलरायझेशन. तिसरा-चौथा प्रवाह फक्त अंतराच्या जोरावर काढायचा तर, दोन-दोन अँटेनांच्या हिशोबात, दोन्ही टोकांना अँटेनांत ठेवलेल्या अंतरांचा गुणाकार तरंगलांबी गुणिले टॉवरपर्यंतचे अंतर भागिले दोन एवढा हवा. २३०० मेगाहर्ट्झवर, २ किलोमीटरसाठी तो १३० चौरस मीटर येतो. टॉवरवरच्या जोड्यांत अर्धा मीटर अंतर धरले तर तुमच्या दोन अँटेनांत २६० मीटर अंतर लागेल! घरावर ते शक्य नाही. याचा अर्थ चार तारा वाया जातात असा नाही. रँक २ च राहिला तरी दोनाऐवजी चार अँटेनांनी ऐकल्यामुळे सुमारे ३ डेसिबल मिळतात. रँक ४ मात्र इमारती, कडे, आपटून येणारे सिग्नल असलेल्या जागीच अपेक्षित धरा.

बूस्टर अथवा रिपीटर घेऊ नका. परवान्याविना तो लावणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नेटवर्क त्याने बिघडू शकते, आणि बाजारातले साधे बूस्टर एकाच अँटेनातून सगळे आत आणतात. म्हणजे दुसरा प्रवाह दारातच संपतो.

पायरी ४: केबल

सगळे काम बिघडवणारी वस्तू हीच. २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास आरजी-५८ जातीची केबल दर मीटरला सुमारे १ डेसिबल खाते, एलएमआर-२०० साधारण ०.५५, एलएमआर-४०० सुमारे ०.२२. दहा मीटर आरजी-५८ वापरली तर ११ डीबीआयच्या अँटेनातून हाती १ उरतो. ३५०० वर हे नुकसान आणखी वाढते. पाच मीटरपर्यंत एलएमआर-२००, त्यापुढे एलएमआर-४०० किंवा त्या तोडीची. जाड केबल कडक असते, म्हणून राउटरकडे ३० सेंटिमीटरचा पातळ तुकडा जोडावा, नाहीतर तिच्या ओढीने राउटरचे पोर्ट सोल्डरमधून उखडते.

डिश टीव्हीची ७५ ओहम केबल वापरता येईल का, हा प्रश्न नेहमी येतो. ५० आणि ७५ ओहमच्या जोडावर परत फिरणारी शक्ती फक्त ४ टक्के असते, त्यामुळे त्याने लगेच सगळे कोसळत नाही. खरा त्रास जोडांचा. एफ कनेक्टरवरून एसएमएवर येताना दोन-तीन अडॅप्टर लागतात आणि प्रत्येक सैल अडॅप्टर पहिल्याच पावसात पाणी पितो.

दोन्ही केबली सेंटिमीटर मोजून सारख्या कापायची गरज नाही. एक मीटर फरकाने सिग्नल सुमारे ५ नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो. फोर-जीत प्रत्येक चिन्हाआधी, म्हणजे डेटाच्या तुकड्याआधी, ४.७ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा राखलेली असते, म्हणजे हा उशीर तिच्या हजाराव्या भागाइतका. शिवाय राउटर केबलसकट सगळा मार्ग मोजतो. सारखा हवा तो क्षय, म्हणजे केबलीत गळणारा सिग्नल. एक एलएमआर-४०० आणि एक आरजी-५८ अशी जोडी लावली की दोन शाखांत पुन्हा मोठा फरक पडतो.

केबल दहा मीटरच्या पुढे जात असेल तर सर्वात चांगला उपाय म्हणजे राउटरच वर नेणे. बाहेरच्या वापराचा खोका, त्यात राउटर, अँटेनापर्यंत अर्धा मीटर केबल, आणि खाली बाहेरच्या दर्जाची एकच कॅट-६ नेटवर्क तार, तिच्यातूनच वीज. कॅट-६ शंभर मीटरपर्यंत चालते. व्होल्टेज राउटरच्या पट्टीवर लिहिलेलेच द्या. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात बंद खोका भट्टी होतो. राउटर तापला की आपला वेग आपणच कमी करतो. खोका पांढरा हवा, टाकीच्या किंवा भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीत, खालून हवा जायला जाळी लावलेली भोके असलेला.

पायरी ५: उंची आणि दृष्टिरेषा

दिसते म्हणजे पुरेसे, असे नाही. सिग्नल सुतासारखा न जाता मधोमध फुगलेल्या लांबोळक्या भोपळ्यासारखी जागा घेतो. २३०० मेगाहर्ट्झ आणि २ किलोमीटरसाठी मध्यावर या जागेची त्रिज्या सुमारे ८ मीटर असते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. तुमच्यापासून ५० मीटरवर आंब्याचे झाड असेल, तर त्या ठिकाणी त्रिज्या अडीच मीटर. म्हणजे झाडाच्या शेंड्यापासून दृष्टिरेषा दीड मीटर तरी वर जायला हवी. यावरून पाइप किती उंच लागेल ते काढा. दीड इंची जीआय पाइप तीन मीटरपर्यंत ताणाच्या तारांशिवाय चालतो, त्यापुढे तीन बाजूंनी तार बांधा.

पाहणी कोणत्या महिन्यात केली हेही लक्षात घ्या. साग उन्हाळ्यात पर्णहीन असतो. एप्रिलमध्ये सागाच्या बनातून उत्तम आलेला सिग्नल जुलैत भरगच्च ओल्या पानांआड जातो. कोकणात चिऱ्याच्या भिंती पावसात भिजल्या की आतला सिग्नल आणखी खाली येतो, म्हणून तिथे अँटेना भिंतीबाहेरच हवा.

पत्र्याच्या छपरावर लावत असाल तर निदान अर्धा मीटर वर, आणि पत्र्याच्या कडेला, टॉवरच्या बाजूला. झोत स्वतःच्याच छपरावर आपटता कामा नये.

पायरी ६: दिशा लावणे

राउटर आधी एकाच बँडवर बांधून घ्या. तशी सोय राउटरच्या पानावर असते. नाहीतर तुम्ही अँटेना फिरवता तोवर तो ८५० वर उडी मारतो, काड्या वाढतात आणि दिशा बरोबर लागली असे वाटते.

नकाशावरून टॉवरची दिशा काढा. होकायंत्र लोखंडी पाइप-पत्र्याजवळ खोटे बोलते, म्हणून देवळाचा कळस, पाण्याची टाकी अशी दूरची खूण धरा. अंदाजे दिशेच्या दोन्ही बाजूंना ४० अंशांपर्यंत, दहा-दहा अंशांनी फिरवा. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा आणि वहीत जोर, एसआयएनआर, सेल आयडी लिहा. मग सर्वात चांगल्या जागेभोवती पाच-पाच अंशांनी. निवड करायची ती एसआयएनआरवर. जोर ३ डेसिबलने कमी पण एसआयएनआर ५ ने जास्त, अशी दिशा मिळाली तर ती घ्या. तिथे अँटेनाची पाठ त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करणाऱ्या दुसऱ्या टॉवरकडे झालेली असते. टॉवर टेकडीआड असेल तर टेकडीच्या माथ्यावरच्या खिंडीकडे रोखा, आणि समोरचा कडाही एकदा तपासा. परावर्तित सिग्नल कधी कधी जास्त स्वच्छ निघतो.

दोन वेगळे अँटेना असतील तर दोघांची दिशा एकच. एक या टॉवरकडे, दुसरा त्या टॉवरकडे, असे केल्याने मायमो होत नाही.

पायरी ७: दोन्ही प्रवाह येतात का, याची खात्री

राउटर रँक दाखवत असेल तर काम सोपे, डाउनलोड चालू असताना तो २ वर टिकला पाहिजे. क्वेक्टेल कंपनीचे मोड्यूल असलेल्या राउटरांत 'क्यूआरएसआरपी' ही एटी कमांड (मोड्यूलला थेट द्यायची आज्ञा) चारही शाखांचा जोर वेगवेगळा देते. शाखांत ३ डेसिबलपर्यंत फरक उत्तम, ६ पर्यंत चालेल, १० च्या पुढे गेला तर केबल, जोड किंवा पोलरायझेशन यांत दोष आहे.

काहीच दिसत नसेल तर तारा काढून पाहायची चाचणी करा. एसआयएनआर १५ च्या वर असताना, पहाटे, तीनदा वेग मोजा. मग फक्त ऐकणाऱ्या पोर्टाची तार काढा, हाताशी असेल तर तिथे ५० ओहमचे टोपण लावा, आणि पुन्हा मोजा. डाउनलोड निम्म्याजवळ आला तर दुसरी शाखा खरोखर काम करत होती. काहीच फरक पडला नाही, तर ती तार आतापर्यंत शोभेची होती. मुख्य पोर्ट ओळखण्याच्या थोडक्या चाचणीपलीकडे ते मोकळे ठेवून राउटर चालवू नका.

काही राउटरांत आतला आणि बाहेरचा अँटेना निवडायची सोय असते आणि ती 'आपोआप' वर असते. अशा वेळी राउटर एक शाखा आत, एक बाहेर धरू शकतो. ती 'बाहेरचा' वर ठेवून राउटर बंद-चालू करा.

फाइव्ह-जीत काय बदलते

देशात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. मुख्य बँड एन-७८, साधारण ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ. त्यासाठी टॉवरवर ३२ किंवा ६४ पाठवणी-शाखांचे पॅनेल लावतात. अशा पॅनेलमध्ये सगळ्या अँटेनांच्या फेज जुळवून झोत ग्राहकाकडे वळवला जातो आणि त्याच क्षणी दुसऱ्या दिशेच्या ग्राहकाला दुसरा झोत दिला जातो. घरच्या राउटरला या बँडवर चार ऐकणाऱ्या शाखा असतात. १०० मेगाहर्ट्झ रुंदी आणि चार प्रवाह मिळाले तर वरची मर्यादा सुमारे दीड गिगाबिट.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. पहिली, राउटर जो जोर दाखवतो तो बहुधा टॉवर स्वतःची ओळख द्यायला सोडतो त्या ठरावीक झोताचा असतो. ३ ते ६ गिगाहर्ट्झमध्ये असे जास्तीत जास्त आठ झोत असतात. डेटाचा झोत त्याहून अरुंद आणि तुमच्यासाठी खास वळवलेला. म्हणून दिशा लावताना फक्त जोरावर विसंबू नका, प्रत्येक दिशेला प्रत्यक्ष डाउनलोड मोजा. दुसरी, टॉवर तुमचा मार्ग ओळखतो तो तुमच्याच राउटरने पाठवलेल्या चाचणी-सिग्नलवरून, कारण या बँडवर जाणे आणि येणे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालते. राउटर चारही अँटेनांतून एकामागून एक हा सिग्नल देतो. त्यामुळे फोर-जीत निव्वळ ऐकणारी असलेली शाखा इथे थोडे बोलतेही, आणि चारही केबली चांगल्या लागतात. तीन चांगल्या आणि एक उरलीसुरली, हे इथे चालत नाही.

७०० मेगाहर्ट्झचा फाइव्ह-जी, म्हणजे एन-२८, वापरायचा असेल तर अँटेनाचे माहितीपत्रक नीट वाचा. 'फाइव्ह-जी' लिहिलेली बरीच पॅनेल १७०० मेगाहर्ट्झपासून पुढेच चालतात. एन-२८ साठी ७०३ ते ८०३ ही पट्टी त्यात असायलाच हवी. आणि राउटर फोर-जीचा आधार घेऊन फाइव्ह-जी चालवत असेल, तर तोच अँटेना त्या फोर-जी बँडवरही चालला पाहिजे. नाहीतर आधार सुटतो आणि त्याबरोबर फाइव्ह-जीही.

पाऊस, वीज आणि पुढचे बिघाड

जोड नेहमी खाली तोंड करून. केबल खोक्यात किंवा घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. प्रत्येक जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून, मग तिच्यावर उन्हापासून बचावाला काळी पट्टी. सिलिकॉनचा आंबट वास येणारा प्रकार जोडावर वापरू नका, त्यातले आम्ल तांबे खाते. एसएमएचा नट पान्याने दाबून आवळायचा नसतो. बोटांनी घट्ट करून वर थोडासा, साधारण अर्धा ते एक न्यूटन-मीटर, एवढेच. लॉग-पिरिऑडिकच्या प्लॅस्टिक आवरणाला पाणी निघायचे भोक असते, ते खालच्या बाजूला राहील असे पाहा. किनाऱ्यावर खारी हवा वर्षभरात क्लँप गंजवते, तिथे स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

पाइपला १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने अर्थिंग द्या आणि ते घराच्या अर्थिंगला जोडा, वेगळे तरंगत ठेवू नका. प्रत्येक केबलवर वीजरोधक लावा, ६ गिगाहर्ट्झपर्यंतचा, दोन केबली असतील तर दोन्हीवर एकाच जातीचा. तो जवळपास पडलेल्या विजेच्या झटक्यापासून वाचवतो. थेट वीज पडली तर काहीच वाचवत नाही, म्हणून वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की तारा आणि वीज दोन्ही काढून ठेवणेच बरे.

सहा महिन्यांनी वेग अचानक निम्मा झाला आणि जोर तेवढाच दिसत असेल, तर पाणी शिरलेला एक जोड शोधा. राउटर बहुधा चांगल्या शाखेचा जोर दाखवतो, मेलेली शाखा झाकली जाते. डाउनलोड चांगला पण अपलोड मेलेला असेल तर मुख्य पोर्टाची केबल पाहा. जोर चांगला, एसआयएनआर अचानक खराब, तर सेल आयडी वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. राउटर दुसऱ्या टॉवरवर गेलेला असतो किंवा वाऱ्याने पाइप फिरलेला असतो. पाइप आणि क्लँपवर रंगाने एक सरळ रेघ बसवतानाच मारून ठेवली असेल, तर हे खालूनच दिसते.